सतरावी फ्लॉपी

“सतरावी परत नाही म्हणतेय, बाई.”

रेश्मानं बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली, तिच्यावर उगाचच फुंकर मारली आणि पुन्हा आत सरकवली. यंत्रातून खरखर आवाज आला, भातातला खडा दाताखाली यावा तसा. मग पडद्यावर तीच चौकट. डिस्क वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा की रद्द करायचं?

“पुन्हा कर,” मी म्हणाले.

“नऊ वेळा केलंय.”

“मग दहाव्यांदा कर.”

१९९७ च्या ऑक्टोबरमधला गुरुवार होता. रविवारी आमच्या जयवंत ग्रंथालयाचा वर्धापनदिन. संगणक देणारे थोरवडे साहेब मूळचे बोरगावचेच, पण तीस वर्षं मुंबईत. ते स्वतः येणार होते. त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, यंत्र चालू दिसलं तर ते ग्रंथालयाचं, नाहीतर कॉलेजला देऊन टाकू. कॉलेजचे प्राचार्य त्या आठवड्यात दोनदा ‘सहज’ येऊन गेले होते. दुसऱ्यांदा तर टेबलाची लांबी वितीनं मोजून गेले.

मी तेव्हा पन्नाशीची होते. त्या ग्रंथालयाची ग्रंथपाल म्हणून चोविसावं वर्ष चालू होतं. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालीत. कालचं जेवण आठवत नाही, पण त्या आठवड्यातला शब्द न् शब्द आठवतो.

फ्लॉपी म्हणजे काय हे आता नातवंडांना सांगावं लागतं. तळहातात मावेल अशी काळी चौकोनी प्लॅस्टिकची डबी, तिच्या एका कडेला सरकणारी पत्र्याची पट्टी आणि आत पातळ, गोल चकती. आमच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर अशा तेवीस फ्लॉप्यांवर पुण्याहून आलं होतं. एकेक घालायची, यंत्र मागेल तशी काढायची, पुढची घालायची. रेश्मा तांबोळी बाजारपेठेत संगणकाचा क्लास चालवायची. ती रोज दुपारी दोन तास आमच्यासाठी यायची. तिच्याशिवाय गावात हे काम येणारं कुणी नव्हतं.

“यांना पण शिक्के मारलेत?” पहिल्या दिवशी खोकं उघडून ती हसत सुटली होती. तेवीसच्या तेवीस फ्लॉप्यांच्या लेबलावर आमचा गोल, जांभळा शिक्का आणि खाली दाखल क्रमांक.

“हसतेस काय? ग्रंथालयाच्या दारातून जे आत येतं त्याला शिक्का. पुस्तक असो, नकाशा असो, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ असो,” मी म्हणाले होते.

तो माझाच नियम होता. मी नोकरीला लागले त्या वर्षी दोनशे पुस्तकं गायब असल्याचं निघालं. मुखपृष्ठ फाडून, पहिलं पान काढून लोक ती सरळ रद्दीत विकत. म्हणून मी आतलं पान सुरू केलं. बऱ्याच ग्रंथालयांत ही पद्धत असते. प्रत्येक पुस्तकाच्या पोटात एका ठरावीक पानावर एक छोटा शिक्का, हरभऱ्याएवढा, ‘ज. ग्रं.’ एवढीच अक्षरं. पान कुठलं हे बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही. आमच्याकडं ते तिघांनाच ठाऊक होतं. मला, देवघेव सांभाळणाऱ्या वसंतराव गुरवांना आणि बाइंडिंग करणाऱ्या तातोबा लोहारांना. तो छोटा शिक्का वसंतरावांच्या खणात कुलपात असे, आणि मारायचं काम तातोबांचं. माझ्या हातून ते काम सुटून वीस वर्षं होऊन गेली होती.

तर सतरावी फ्लॉपी.

रेश्मानं ती आपल्या क्लासमध्ये नेली. तिथल्या तीन यंत्रांत घालून पाहिली. दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर तिची नक्कल करून पाहिली. तेही होईना. शुक्रवारी दुपारी येऊन ती खुर्चीत धपकन बसली.

“दोष आपल्या यंत्राचा नाही, बाई. फ्लॉपीतच आहे.”

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

“मॅडम, आमच्याकडून प्रत्येक संच तपासूनच निघतो. तुमच्याकडं कुणी हाताळल्यात का?”

“आमच्याकडं ग्रंथालय आहे. इथं वस्तू जपून हाताळतात.”

“नाही, म्हणजे कुणी मुद्दाम वगैरे…”

“नवी कधी पाठवताय ते सांगा.”

“पोस्टानं आठवडा लागेल.”

फोन ठेवला, पण त्याचा ‘मुद्दाम’ कानातून जाईना.

रेश्मा तोवर दुसरा उपाय शोधत होती. सॉफ्टवेअर बसवताना सुरुवातीलाच यंत्र विचारायचं, सगळं बसवू की निवडून? सगळं बसवायला आमच्या यंत्रात जागाच नव्हती. त्यामुळं पहिल्या दिवशीच आम्ही दोघी यादी घेऊन बसलो होतो, भाजी निवडायला बसावं तशा. दाखल नोंद हवी. देवघेव हवी. सभासद हवेत. मासिकांचं नको, ते तातोबांना तोंडपाठ असतं. इंग्रजी शब्द तपासणारं काहीतरी होतं, ते नको. कुठल्याशा परदेशी ग्रंथालयाची नमुना यादी होती, तिनं सगळ्यात जास्त जागा खाल्ली असती, ती तर नकोच. मराठी लिपी हवी. तिच्यापुढं तर मी रेश्माला दोनदा खूण करायला लावली. एकदा केली की दुसऱ्यांदा केल्यानं ती पुसली जाते, हे तेव्हा कळलं.

आता रेश्मा एकेका नावापुढची खूण काढून पाहत होती, की काय वगळलं तर यंत्र सतरावी मागत नाही. दाखल नोंद काढली, तरी सतरावी मागितली. देवघेव काढली, तरी मागितली. चौथ्या वेळी ती थांबली आणि माझ्याकडं वळली.

“मराठी लिपी काढली की मागत नाही. बाकी सगळं व्यवस्थित बसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे सतरावीत फक्त मराठीचं आहे. असं करू या का, आज मराठी सोडून बसवू. रविवारी साहेबांना यंत्र चालू दिसेल. पुस्तकांची नावं तात्पुरती इंग्रजी अक्षरांत.”

“एकतीस हजार मराठी पुस्तकं इंग्रजी अक्षरांत? तात्पुरती?”

मागून वसंतरावांचा आवाज आला. “नाहीतर कार्डं आहेतच की, ताई.”

ते काउंटरवरून उठून कधी आले होते कळलं नाही. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल. बावीस वर्षं ते मला ताई म्हणत आले होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस ग्रंथालय एकट्यानं चालवून रोज संध्याकाळी किल्ली घरी आणून देणारे.

“कार्डाला वीज लागत नाही,” ते म्हणाले. “अन् कार्ड कधी ‘रद्द करू का’ असं विचारत नाही.”

रेश्मा हसली. मी हसले नाही.

कारण तेव्हाच माझ्या डोक्यात एक एक गोष्ट शेजारी शेजारी येऊन बसायला लागली. तेवीस फ्लॉप्या. त्यातली बिघडली नेमकी मराठीची. मराठी नसेल तर यंत्राचा उपयोग शून्य, आणि यंत्राचा उपयोग नसेल तर लाकडी कपाटातली पुस्तकांच्या नोंदींची एकतीस हजार कार्डं तशीच राहणार. त्यातली निम्मी वसंतरावांच्या अक्षरातली. संगणक घ्यायचा की नाही या सभेत एकट्यानं विरोध कुणी केला होता? वसंतरावांनी. कुठल्या फ्लॉपीत काय आहे याचा तक्ता असलेलं माहितीपुस्तक दोन दिवस घरी कुणी नेलं होतं? वसंतरावांनी. “बघतो जरा, काय म्हणतंय ते,” असं म्हणून.

आणि सोमवारची गोष्ट. सोमवारी संध्याकाळी मी चष्मा विसरले म्हणून परत आले, तर वसंतराव संगणकाच्या टेबलाशी एकटेच उभे होते. टेबलावरची काहीतरी लहानशी वस्तू त्यांनी उचलली, इकडं तिकडं पाहिलं आणि खिशात टाकली. मला बघून म्हणाले, “अरे, ताई! आत्ताच गेला होता ना?” तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. शुक्रवारी मात्र त्या एका गोष्टीभोवती बाकीच्या सगळ्या चिकटल्या.

संशयाचं एक आहे. तो आला की आपल्याला वाटतं, आपण हुशार झालो.

शनिवारी सकाळी पुण्याहून उलट फोन आला. कराडच्या एका ग्रंथालयात हाच संच आहे, तिथून सतरावीची नक्कल मिळू शकेल. रेश्मा दुपारच्या एसटीनं जाऊन रविवारी पहिल्या गाडीनं परत यायला तयार झाली. म्हणजे यंत्र वाचलं होतं. खरं तर मी तिथं थांबायला हवं होतं.

निघण्यापूर्वी रेश्मा जुनी सतरावी हातात खेळवत बसली होती. “बघू तरी काय झालंय हिला,” म्हणत तिनं नखानं पत्र्याची पट्टी बाजूला सरकवली. मागची धातूची चकती अंगठ्यानं हळूहळू फिरवायला लागली. तिच्याबरोबर आतली तपकिरी, पातळ चकती खिडकीतून सरकत होती. अर्धा फेरा झाला आणि ती थांबली.

“बाई. हे बघा.”

जांभळा डाग. बोराच्या बीएवढा, एका बाजूनं फरफटलेला.

“शाई आहे,” ती म्हणाली. “ही पट्टी आपोआप उघडत नाही. कुणीतरी हातानं सरकवून आत शाई लावलीय.”

जांभळी शाई आमच्या शिक्क्यांची. शाईची गादी आणि बाटली वसंतरावांच्या खणात. खणाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

त्याच वेळी अध्यक्ष डॉक्टर निकम रविवारची तयारी बघायला आले. मी एक दिवस थांबले असते, एक रात्र झोपले असते, तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पण मी थांबले नाही. मी डॉक्टरांना डाग दाखवला, आणि काउंटरकडं बघून हाक मारली.

“गुरव, जरा इकडं या.”

बावीस वर्षांत मी त्यांना कधी नुसतं ‘गुरव’ म्हटलं नव्हतं. ते हातातलं पुस्तक नीट मिटून, ठेवून आले.

“हे काय आहे?”

त्यांनी फ्लॉपी घेतली. डाग बघितला. कपाळाला आठी पडली.

“कितवी आहे ही?” त्यांनी विचारलं.

“माहीत नसल्यासारखं करू नका. सतरावी.”

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मला ते निर्लज्जपणे रोखून बघणं वाटलं.

“सोमवारी संध्याकाळी तुम्ही या टेबलावरून काय उचललंत?” मी विचारलं.

“शिक्का,” ते म्हणाले. “छोटा.”

“ऐकलंत, डॉक्टर? स्वतःच कबूल करतायत. छोटा शिक्का इथं या टेबलावर काय करत होता?”

वसंतरावांनी तोंड उघडलं. मग दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तातोबा एसटी स्टँडवर मुंबईची वर्तमानपत्रं आणायला गेले होते. वसंतरावांनी तोंड पुन्हा मिटलं.

“गुरव, हे काय आहे?” डॉक्टरांचा आवाज चढला. “पाहुण्यांसमोर नाक कापायचं होतं काय गावाचं? एखाद्याला यंत्र आवडत नाही, समजू शकतो. पण ही नासधूस? उद्या सकाळी नऊला कार्यकारिणी आहे. तिथंच ठराव घेतो. ज्यानं केलं त्याला उद्यापासून नोकरी नाही.”

“ज्यानं केलं त्याला?” वसंतरावांनी विचारलं.

“ज्यानं केलं त्याला. मग तो कुणी का असेना.”

वसंतरावांनी जानव्याची किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला. रेश्मा खाली मान घालून बसली होती. त्यांनी किल्ली माझ्यापुढं ठेवली.

“राजीनामा उद्या पाठवतो. ठरावाचे कष्ट नकोत,” ते म्हणाले. “काउंटरवर तिसऱ्या रांगेतलं पुस्तक पाटील गुरुजींसाठी काढून ठेवलंय. साडेचारला येतील. तेवढं द्या.”

आणि चपला घालून गेले.

डॉक्टर मला म्हणाले, “बाई, तुमची नजर मोठी करडी.” मला ते बरं वाटलं. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला ते बरं वाटलं.

रेश्मा एसटीला गेली. डॉक्टर गेले. चार वाजता तातोबा वर्तमानपत्रांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आले. साठीला टेकलेले, बोटांना कायम खळ चिकटलेली, धोतराला कागदाचे कपटे. डिसेंबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते. गठ्ठा टाकून ते पाणी प्यायले आणि टेबलाशी आले. सतरावी तिथंच पडलेली, पट्टी अर्धवट उघडी.

ते खुदकन हसले.

“घावला व्हय शिक्का?”

“काय?”

“आतला शिक्का वो. म्हटलं तुमास्नी तरी घावतोय का न्हाई. लई अवघड काम हुतं, बाई. त्यो पत्रा सारखा मागं यायचा. शेवटी काडी घालून धरला अन् मारला. आता न्या म्हणावं कुणीबी चोरून. वरचं लेबल काढलं तरी आत हाय आपला.”

मी ती फ्लॉपी उचलली.

“तातोबा, तुम्ही? आणि याच… हिच्यातच का?”

“हिच्यातच म्हंजी? सतरावं न्हवं का ते?” त्यांनी आवाज खाली आणला, दाराकडं बघितलं आणि पुटपुटले, “आपलं पान सतरावंच हाय न्हवं? तुमीच ठरवलंय. या डब्यांस्नी पानं न्हाईत, म्हटलं मग सतरावी डबी. एकवीस डब्या असत्या तरी सतरावीच धरली असती.”

आता तो आकडा सांगायला हरकत नाही. ते ग्रंथालय नव्या इमारतीत गेलं, नवी पद्धत आली, शिक्के बंद झाले. आतलं पान सतरावं. मीच ठरवलं होतं, माझ्या लग्नाच्या तारखेवरून. वसंतरावांना आणि तातोबांना मीच कानात सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, “विसरलात तर खबरदार.”

दोघंही विसरले नव्हते. तीन दिवस तोंडानं ‘सतरावी, सतरावी’ म्हणत होते ती मी.

“शिक्का मागं टेबलावरच ऱ्हायला सोमवारी,” तातोबा सांगत होते. “गुरवभाऊंनी बघून उचलून ठिवला. मला म्हनले, तातोबा, शिक्का असा उघड्यावर टाकत जाऊ नका, बाई रागावतील.”

मी दाखल नोंदवही काढली. शेवटून दुसरं पान. ‘संगणकाच्या डब्या, नग तेवीस. शिक्के बाहेर तेवीस, आत एक.’ तातोबांचं वळणदार, लहान मुलासारखं अक्षर. आणि शेजारी ‘तपासले’ या शब्दापुढं माझी सही. मी न वाचता केलेली.

“का वो बाई, काय चुकलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “तुमचं काही चुकलं नाही.”

मी साडेचारला पाटील गुरुजींना पुस्तक दिलं आणि ग्रंथालय बंद केलं. वसंतरावांचं घर नदीच्या वाटेवर, गुरवाच्या देवळाला लागून. त्यांच्या पत्नी विमल अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत. वसंतराव ओसरीवर चटईवर बसून लिहीत होते. कानावर पेन्सिल तशीच.

“तातोबांनी सांगितलं,” मी म्हणाले.

“हं.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“मगाशीच. तुम्ही आकडा सांगितलात तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी कागद खाली ठेवला. “डॉक्टर कुणाला तरी घालवणारच होते. तातोबाला दोन महिने राहिलेत. आता काढला तर चाळीस वर्षांचा सगळा हिशेब ‘नासधूस’ या एका शब्दानं पुसला जाईल. त्याला ते कळणारही नाही, काय चुकलं ते. त्यानं तुमचा नियम पाळला.”

“आणि तुम्ही?”

“मला दुसरीकडं काम मिळेल. कार्डं लिहिता येतात मला. लोक म्हणतात आता लागत नाहीत, पण बघू.”

विमलवहिनी सुपातले खडे वेचून एकेक करून अंगणात टाकत होत्या. प्रत्येक खड्याचा आवाज येत होता.

“वसंतराव, पण तुम्ही मला तरी…”

“मी थांबलो होतो,” ते म्हणाले. “कितवी आहे म्हणून विचारलं, तुम्ही सतरावी म्हणालात. म्हटलं आता आठवेल. आत्ता आठवेल. तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्ही आकडा घेतलात आणि तशाच पुढं गेलात.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून बघितली, परत खोचली. “बावीस वर्षं होती, मोहितेबाई. एवढं थांबता आलं असतं तुम्हाला.”

त्यांनी राजीनाम्याचा कागद माझ्याकडं दिला नाही आणि फाडलाही नाही. मी उठले. विमलवहिनी दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “दुपारपासून पाणी प्यायले नाहीत.”

रविवारी नऊ वाजता कार्यकारिणीत अकरा माणसं होती. डॉक्टरांनी विषय काढण्याआधी मी उभी राहिले. दाखल नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आतल्या पानाचा आकडा सोडून. नियम माझा, सही माझी, न वाचता केलेली. काल मी एका निर्दोष माणसाला डॉक्टरांसमोर गुन्हेगार ठरवलं. ठराव करायचा असेल तर माझ्या नावाचा करा. तातोबांनी सांगितलेलं काम केलंय.

मग कुणीतरी फिस्कन हसलं. “म्हणजे संगणकाच्या पोटात शिक्का?” दुसरा हसला. डॉक्टरसुद्धा पोट धरून हसायला लागले. “अहो बाई, उद्या आमच्या एक्स-रेवर पण मारा!” माझी तयारी बोलणी खायची होती, नोकरी सोडायची होती. या हसण्याची नव्हती. वर्षभर गावात तो विनोद चालला. कॉलेजचे प्राचार्य भेटले की विचारत, “काय मोहितेबाई, आज कुणाला शिक्का?” मी सगळ्यांबरोबर हसायचे. तातोबाही हसायचे. त्यांना वाटायचं कौतुक चाललंय. डिसेंबरअखेर त्यांना शाल आणि नारळ मिळाला.

डॉक्टरांनी त्याच बैठकीतून वसंतरावांना चिठ्ठी पाठवली. ‘गैरसमज झाला, कामावर यावे.’ माफीचा शब्द त्यात नव्हता. मी तो घालायला सांगितलं, तर म्हणाले, “तो तुम्ही तोंडी मागा, बाई.”

रेश्मा पहिल्या एसटीनं आली होती. नवी सतरावी तिनं रुमालात गुंडाळून आणली होती. यंत्रानं ती मागितली, तिनं घातली. खरखर झाली नाही. अठरावी मागितली. थोरवडे साहेबांनी हार घातलेल्या पडद्यावर आपल्या आजोबांच्या पुस्तकाचं नाव मराठीत बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत वसंतराव नव्हते.

सोमवारी आठ वाजता मी ग्रंथालय उघडायला गेले तर ते पायरीवर उभे होते. मी किल्ली त्यांच्यापुढं धरली आणि म्हणाले, “माझी चूक झाली, वसंतराव. मला माफ करा.” त्यांनी किल्ली घेतली. जानव्याला बांधली. “पाटील गुरुजींना पुस्तक दिलंत ना?” म्हणाले. मी हो म्हटलं. “बरं झालं, मोहितेबाई,” म्हणाले आणि काउंटरवर जाऊन बसले.

पुढं आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. संगणक त्यांनीच सर्वात आधी शिकून घेतला. सबंध कार्डांचा साठा दोन वर्षांत त्यांनी आत चढवला, एकही चूक न करता. कधी आवाज चढवला नाही, कधी जुना विषय काढला नाही. संक्रांतीला तिळगूळ दिला, माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीला वाढलं. पण ‘मोहितेबाई’ ते मोहितेबाईच राहिलं.

२००५ च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. समारंभ झाला, भाषणं झाली, डॉक्टरांनी शिक्क्याचा विनोद पुन्हा सांगितला. सगळे चहाला उठले तेव्हा वसंतराव माझ्यापाशी आले. तपकिरी कागदात बांधलेलं एक पुस्तक त्यांनी हातात दिलं. मी दोरा सोडला. आमच्या ग्रंथालयात ज्याची एकच जुनी प्रत होती आणि जो मी दर वर्षी एकदा घरी नेत असे, त्या कवितासंग्रहाची प्रत होती. जुनीच, पण नव्यानं बांधलेली. मला खूप आनंद व्हायला हवा होता. पण माझा हात आपोआप पानं उलटायला लागला. तीन, सात, अकरा. मी काय करते आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सतरावं पान उघडलेलं होतं, आणि वसंतराव माझ्या बोटांकडं बघत होते.

मी पुस्तक मिटायला गेले.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली. आणि माझ्याकडं बघत, अगदी हळू, म्हणाले,

“तिथं काही नाही, ताई. पुस्तक माझ्या घरचंय.”